रोमन सम्राटाचे नाणे आणि तगरचा विणकर

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात मागच्या महिन्यात एका तरुण कामगाराने मोबाईल पुढे केला. कुणीतरी त्याला चांदीच्या नाण्याचा फोटो पाठवला होता. नाण्यावर एका पुरुषाचे मस्तक, डोक्यावर पानांचा मुकुट, भोवती रोमन अक्षरे. किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. "दादा, घेऊ का? बुद्धकाळातलं आहे म्हणतात."

वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशीचा ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही दोन तास त्या नाण्यावरच बोललो.

पहिली गोष्ट, ते बुद्धकाळातले असणे शक्य नाही. 'दिनार' या शब्दाचे मूळ असलेले रोमन 'डेनारियस' हे चांदीचे नाणे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, म्हणजे बुद्धांनंतर काही शतकांनी. भारतात जी सापडतात त्यांतली बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची, म्हणजे इसवी सनाच्या आगेमागची आहेत. आपण ब्राह्मणी पोथ्यांना पुरावा मागतो, तर तो स्वतःलाही मागायला हवा. प्रत्येक जुन्या वस्तूवर 'बुद्धकालीन' अशी चिठ्ठी डकवणे म्हणजे विरोधकाच्या हाती आयते कोलीत देणे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ही चांदी आपल्या भागात आली कशाच्या बदल्यात?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गाची माहितीपुस्तिका लिहिली. भडोच बंदरात कोणता माल येतो हे सांगताना तो सोन्याचांदीच्या रोमन नाण्यांचा उल्लेख करतो. तिथल्या चलनाशी त्यांची अदलाबदल केली की नफा होतो, असेही नोंदवतो. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड येत, आणि तगरहून येत असे कापड: साधे जाडेभरडे भरपूर, शिवाय मलमलीचे नाना प्रकार. गाड्या भरून, नीट रस्ताही नसलेल्या मुलखातून हा माल बंदराला जात असे.

हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. फ्लीट या अभ्यासकाने १९०१ मध्ये ही ओळख पटवली. पुढे तिथल्या उत्खननात सातवाहनकालीन विटांचा स्तूप सापडला. तेरचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत हेन्री कझिन्स यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडले होते. म्हणजे चादरी-टॉवेलसाठी नाव कमावलेल्या सोलापूरच्या शेजारी दोन हजार वर्षांपूर्वीही कापड विणले जात होते, आणि त्याच गावात स्तूपही उभा होता.

मग ती चांदी गेली कुठे? तमिळनाडूत आणि नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्ले इथे रोमन चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे मिळाले. महाराष्ट्रात मात्र त्या मानाने फार कमी. इथली बरीच चांदी वितळवून स्थानिक राजांनी आपली नाणी पाडली असावीत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. त्यावर रोमन नाण्यासारखे राजाचे मस्तक आहे आणि कडेने ग्रीक अक्षरेही आहेत. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला. राजा बदलला की मस्तकावर ठोसा. चांदी तीच.

नाण्यांचा शौकीन इथे थांबतो. कोणता सम्राट, कोणता छाप, किती दुर्मीळ, यापुढे तो जात नाही. आपल्याला मात्र पुढे जावे लागते, कारण सम्राटाचे मस्तक नाण्यावर असते आणि विणकराचे कधीच नसते.

विणकर भेटतो लेण्यात. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या लेणी क्रमांक १० मध्ये आहे. भिक्खूसंघासाठी त्याने तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कुणाकडे? राजाच्या खजिन्यात नव्हे, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. हिशेब करून पाहा: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून रीतसर नोंदवलाही गेला. याच उषवदाताने ब्राह्मणांनाही भरघोस दाने दिली, हेही शिलालेखांतच आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण एक गोष्ट झाकली जात नाही: राजाच्या जावयाने ज्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवला, ते हातमागावर बसणारे लोक होते.

जुन्नरच्या लेखांत अशाच ठेवी बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे आहेत. नाशिकला मुगुदास नावाच्या मच्छीमाराने कुटुंबासह लेणे दान दिले. कार्ल्याच्या खांबांवर यवनांची नावे त्याच ओळीत कोरलेली आहेत. आज बांबूकाम करणारा बुरूड समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्या हातांना समाजात पत होती, त्या हातांना पुढे जातीचे कुंपण पडले. 'क्रांती आणि प्रतिक्रांती'त बाबासाहेब याच उलटफेराचा शोध घेत होते.

आणि हे विसरू नका की कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये बाबासाहेबांनी एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध 'प्राचीन भारतीय व्यापार' या विषयावर होता. पुढे १९२३ च्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये त्यांनी दाखवले की चलन घसरले की भाव चढतात, मजुरी मागे राहते आणि भुर्दंड मजुराला बसतो. नाणे हातात घेऊन त्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो हे विचारायचे, ही सवय आपल्याला त्यांच्याकडून मिळाली आहे.

वर्गात एकाने आक्षेप घेतला: "शौकिनांनी घेतली नसती तर ही नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती." बरोबर आहे, तशी कित्येक गेली. पण कुठे सापडले, कशासोबत सापडले, याची नोंद नसलेले नाणे साक्ष देत नाही. ते फक्त चांदीचा तुकडा उरते. तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनीही संग्रहच केला. पण त्यांच्या नावाने तिथे आज शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे आणि कुणीही जाऊन त्या वस्तू पाहू शकतो. फरक इथे आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा. पाया खणताना, विहीर खोदताना नाणी लागतात ती मजुराच्या कुदळीला. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दडवले तर शिक्षा आहे. कळवले तर शोधणाऱ्याचा हक्क आहे: मूळ मालक पुढे आला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारने ठेवा घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावे लागतात. हे मजुराला कुणी सांगत नाही. ठेकेदार दोनशे रुपये हातावर टेकवतो आणि इतिहास परस्पर विकला जातो. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

त्या तरुणाने नाणे घेतले नाही. त्या पैशांतल्या थोड्या भागात आम्ही सगळे मिळून तेरला जाऊन येणार आहोत. चिंचोळीत पाळीवर उभे राहणाऱ्या पोरांनी तगरच्या विणकराला भेटायला जावे, याहून चांगला संग्रह आम्हाला तरी सुचत नाही.

जय भीम.