रुळांविना सरहद्द

एकेकाळी निजामाच्या सरहद्दीवर असलेल्या आष्टी आणि नगरदरम्यान पहिली प्रवासी गाडी धावली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. १९४८ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात धुमश्चक्री उडाली तेव्हा इथे रूळच नव्हते. मग लोहमार्गाच्या पहाऱ्याचा विचार इथून कशाला, असे कुणी विचारील. पण सोलापूर–रायचूर मार्ग निजामाच्या मुलखातून जाई आणि २२ मे १९४८ रोजी मद्रास–मुंबई मेलवर गाणगापूर स्थानकात हल्ला झाला. शेकडो मैलांच्या मार्गावर पावलोपावली शिपाई उभे करणे कोणत्याच फौजेला परवडत नाही. राखायचे असतात ते पूल आणि स्थानके. १३ सप्टेंबरला हैदराबादवर सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने आधी नळदुर्गचा पूल शाबूत हाती घेतला. तो सडकेचा होता, हा आक्षेप खरा. पण सडक काय, रूळ काय, अडते ते नदीपाशीच.