कोन्टाक्टहोफ (किशोरवयीनांचा प्रयोग)

'कोन्टाक्टहोफ' ही जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश (१९४०–२००९) यांची नृत्यनाट्यकृती होय. तिचा पहिला प्रयोग डिसेंबर १९७८ मध्ये वुपर्टाल येथे झाला. २००० साली ती ६५ वर्षांवरील सामान्य नागरिकांनी, तर २००८ साली १४ वर्षांवरील शाळकरी मुलामुलींनी सादर केली. बाउश यांचे स्वतःचे नृत्यशिक्षणही एसेनच्या फोल्कवांग विद्यालयात १९५५ मध्ये, याच वयात सुरू झाले होते.

वुपर्टालमधील निरनिराळ्या शाळांतून निवडलेल्या सुमारे ४० मुलांपैकी बहुतेकांना रंगमंच नवखा होता. बाउश यांच्या संचातील जो अ‍ॅन एंडिकॉट व बेनेदिक्त बिये यांनी जवळजवळ वर्षभर शनिवारी तालमी घेतल्या. अधूनमधून बाउश स्वतः येऊन पाहत.

या कृतीत चपळ पदन्यासाला फारसे महत्त्व नाही. जुन्या नृत्यगृहात, भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्यांवरून पात्रे उठतात, प्रेक्षकांसमोर येऊन आपले दात, हात, पाठ दाखवतात व परततात. कोमल वाटणारा स्पर्श पाहता पाहता छळाचे रूप घेतो. साहजिकच मुलांची खरी अडचण तालाची नसून संकोचाची होती. न लाजता चालणे, समोरच्याकडे थेट पाहणे, परक्याला हात लावणे आणि लावू देणे हेच त्यांचे प्रशिक्षण ठरले.

या तालमींवरील 'टान्सट्रॉयमे' हा आने लिन्झेल व रायनर हॉफमन यांचा माहितीपट २०१० च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आला. त्यापूर्वीच, ३० जून २००९ रोजी, बाउश यांचे निधन झाले होते.