शिशाच्या बुटांपासून श्वासापर्यंत : पाण्याखालच्या तोलाचा इतिहास

१/ मनुष्य पाण्याखाली श्वास कसा घेऊ लागला, ही कथा अनेकांना परिचित असते. तो तेथे स्थिर कसा राहू लागला, ही कथा क्वचितच सांगितली जाते. वास्तविक पहिला प्रश्न सुटल्यानंतरही दुसऱ्याने पाणबुड्यांना जवळपास तीन दशके छळले. #इतिहास #थ्रेड

२/ तत्त्व फार जुने आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने ते मांडले : वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते. वजन अधिक असल्यास वस्तू बुडते, कमी असल्यास तरंगते. दोन्ही समान झाली, की ती असेल तेथेच राहते. पाणबुड्याला हवी असते ती ही तिसरी अवस्था.

३/ एकोणिसाव्या शतकातील पाणबुड्याला मात्र तिची गरज नव्हती. लंडनमध्ये ऑगस्टस सीबे याने १८३०च्या दशकात बंद पोशाख विकसित केला : धातूचे शिरस्त्राण, पंपाने नळीतून येणारी हवा आणि शिशाचे जड बूट. १७८२मध्ये स्पिटहेडजवळ बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष हटविण्याच्या कामात १८३९पासून हा पोशाख कसास लागला. त्यातील माणूस पोहत नसे. तो तळावर चालत असे.

४/ तोल चुकल्यास मृत्यू दोन्ही दिशांना होता. पोशाखात हवा जास्त साचली, तर तो फुगून ताठ होई, हात झडपेपर्यंत पोहोचत नसत आणि माणूस वेगाने वर फेकला जाई. उलट, तो अचानक खोल घसरला आणि तेवढी हवा वरून आली नाही, तर वाढलेला दाब त्याचे शरीर चिरडू पाही.

५/ १९४३मध्ये फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी 'ॲक्वालंग' सिद्ध केले. हवेची टाकी पाठीवर आली, नळी सुटली, तळाशी असलेले नाते तुटले. पण अधांतरी राहण्यासाठी कमरेच्या शिशाखेरीज कोणतेही खास साधन पाणबुड्याजवळ नव्हते.

६/ १९५०च्या दशकाच्या आरंभी बर्कलीतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनचा वेटसूट तयार केला. थंडीपासून संरक्षण मिळाले. मात्र निओप्रीनमधील वायूचे सूक्ष्म बुडबुडे दाबाखाली आकुंचन पावतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बॉईलच्या नियमानुसार वायूचे आकारमान निम्मे होते. पृष्ठभागावर साधलेला तोल खोलवर गेल्यावर बिघडे.

७/ उपाय हवेतच सापडला. १९६०च्या दशकात फ्रान्समधील मॉरिस फेंझी यांचे गळ्यात घालायचे फुगणारे जाकीट प्रचारात आले. १९७१मध्ये 'स्क्युबाप्रो'ने अंगरख्यासारखे जाकीट आणले. आता खोलवर जाताना हवा भरता येई, वर येताना सोडता येई.

८/ पण या सोयीमुळे जुनी सवय झाकली गेली. शिसे जास्त बांधले, तरी जाकिटात हवा भरून तोल साधल्याचा भास होतो. ही अतिरिक्त हवा प्रत्येक मीटरगणिक आकुंचन-प्रसरण पावते आणि पाणबुडा सतत वर-खाली होत राहतो. म्हणून सुधारणेची पहिली पायरी म्हणजे शिसे गरजेपुरतेच ठेवणे.

९/ गरज किती, हे बुडीच्या अखेरीस कळते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने भरलेल्या हवेचे वजन जवळपास ३ किलो असते; ती वापरली जाते तसा पाणबुडा हलका होतो. टाकी रिकामी होत आली असताना, रिकाम्या जाकिटानिशी ५ मीटरवर स्थिर राहता आले, तर शिसे योग्य.

१०/ उरलेला सूक्ष्म तोल फुप्फुसे सांभाळतात. एक लिटर हवा आत घेतली, की सुमारे एक किलो जादा उचल मिळते; परिणाम मात्र क्षणभर उशिरा जाणवतो. म्हणून श्वास संथ हवा, आणि तो कधीही रोखू नये : वर येताना कोंडलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाटू शकतात.

११/ पाणबुड्याच्या एका लाथेने वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ मोडते. सीबेच्या काळात तळावर पाय घट्ट रोवणे हेच कौशल्य होते; आज तळाला स्पर्शही न करता परतणे, हे कौशल्य मानले जाते.