मोह (ख्रिस्ती धर्मविचार)

वासनेमुळे पापाकडे ओढले जाण्याच्या अवस्थेला मोह म्हणतात. बायबलातील उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायातील योसेफ मालक पोटीफर याच्या मोह घालणाऱ्या पत्नीच्या हाती आपले वस्त्र सोडून पळतो. हे प्रतिकाराचे सर्वांत बोलके उदाहरण होय. अरण्यात ४० दिवस उपाशी असलेला येशू सैतानाला शास्त्रवचनांनीच उत्तर देतो (मत्तय ४). कामुक नजरेलाही येशू व्यभिचार ठरवतो (पाहा : डोंगरावरील प्रवचन). मोह होणे हे पाप नव्हे. त्याला संमती देणे हे पाप. प्रार्थना, उपवास, पापकबुली ही मोहाच्या प्रतिकाराची साधने. प्रेषित पौलाच्या ‘आत्म्याच्या फळां’तील संयमासाठी मराठी बायबलात ‘इंद्रियदमन’ शब्द येतो. षड्रिपूंची कल्पना ठाऊक असलेल्या वाचकाला तो परका नाही.