कॉन्सर्ट पिच : ४४० आणि ४३२

कॉन्सर्ट पिच म्हणजे वाद्ये एकमेकांशी जुळवण्यासाठी एका स्वराची आधीच ठरवून घेतलेली वारंवारता. पाश्चात्त्य संगीतात हा मान मधल्या ‘सी’च्या वरच्या ‘ए’ला आहे, पेटीच्या भाषेत मधल्या सप्तकातली पांढरी सहा. सध्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, म्हणजे ४४० हर्ट्झचा. बाकीचे स्वर त्याच्यावरून मोजले जातात. वेगळा आकडा धरला की ती पर्यायी जुळवणी. बरोक काळातले संगीत वाजवणारे वाद्यवृंद बहुधा ४१५ धरतात, तर युरोपातले काही मोठे वाद्यवृंद ४४२-४४३वर वाजवतात. चर्चा मात्र सर्वाधिक होते ती ४३२ची.

पूर्वी असा एक आकडा नव्हताच. चर्चचा ऑर्गन ज्या उंचीवर बांधला गेला, ती त्या गावाची पट्टी. लंडनचा ट्रम्पेटवादक जॉन शोअर याने १७११ मध्ये नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) तयार केला आणि सूर खिशात घालून नेता येऊ लागला. संगीतकार हँडेलचा म्हणून ओळखला जाणारा नादकाटा सुमारे ४२२ हर्ट्झचा आहे. एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंद सूर चढवत गेले, कारण चढा सूर सभागृहात झळाळून ऐकू येतो. लंडनमध्ये तो ४५२च्या आसपास पोहोचला. वाद्यांना तार बदलता येते, गवयांना गळा बदलता येत नाही. त्यामुळे पहिली तक्रार त्यांचीच. फ्रान्सने १८५९ मध्ये रोस्सिनी, बेर्लिओझ यांच्यासारखे संगीतकार असलेली समिती नेमून ४३५ हा आकडा कायद्याने ठरवला. व्हिएन्नाच्या १८८५च्या परिषदेने तोच उचलला आणि या कराराचा उल्लेख पुढे थेट पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात आला. युद्धाच्या तहात सुराचे कलम असावे, ही गंमतच. व्हिएन्नाच्या परिषदेआधी, १८८४ मध्ये, संगीतकार ज्युसेप्पे व्हेर्दी यांनी इटलीच्या सरकारी संगीत आयोगाला पत्र लिहून ४३२ला पाठिंबा दिला होता. त्यांना चिंता गायकांच्या गळ्याची होती, विश्वाच्या स्पंदनांची नव्हे.

४४०चा प्रवास वेगळा. रेशमाचा कारखानदार आणि हौशी ध्वनिसंशोधक योहान शाइब्लर याच्या मोजणीवरून १८३४ मध्ये श्टुटगार्ट येथील शास्त्रज्ञांच्या मेळाव्यात हा आकडा सुचवला गेला. अमेरिकेत तो १९३६ मध्ये मानक झाला. ब्रिटनमध्ये तेव्हा ४३९ चालत असे : फ्रेंचांचा ४३५ हा १५ अंश सेल्सिअसला मोजलेला, म्हणून सभागृहातल्या उबेचा हिशेब धरून तो वाढवलेला. (फुंकवाद्याचा सूर हवा तापली की खरोखरच चढतो, अंशाला सुमारे तीन सेंट, अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट.) पण ४३९ ही मूळ संख्या. रेडिओवरून प्रमाणसूर प्रसारित करायचा तर तो स्फटिकाच्या दहा लाख हर्ट्झच्या कंपनांतून काढायचा होता : १००० ने भागा, ११ ने गुणा, २५ ने भागा, की नेमके ४४०. ४३९ला असे सोपे भाग पडत नाहीत. १९३९च्या लंडन परिषदेने ४४० स्वीकारला, १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्याची शिफारस केली आणि १९७५ मध्ये तो पुन्हा पक्का केला. हा आकडा नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने जगाच्या माथी मारला, ही कथा सर्वत्र फिरते; वर दिलेल्या तारखा पाहता तिच्यात तथ्य नाही.

४३२ हा निसर्गाचा, विश्वाचा, हृदयाचा सूर असल्याचा दावा मुख्यतः आकड्यांच्या सौंदर्यावर उभा आहे. ‘सी’ २५६ धरला आणि पंचमावर पंचम चढवत गेले, की ‘ए’ बरोबर ४३२ येतो. आजच्या समान विभागणीच्या सप्तकात मात्र २५६च्या ‘सी’वरून ‘ए’ ४३०.५च्या आसपास पडतो, म्हणजे गणित तिथेच विस्कटते. शिवाय हर्ट्झ मोजायचा सेकंद माणसाने ठरवलेला आहे. सेकंद थोडा लांब धरला असता तर याच सुराला दुसरा आकडा मिळाला असता. इटलीतल्या एका छोट्या प्राथमिक अभ्यासात ४३२ ऐकणाऱ्यांचे ठोके किंचित मंदावलेले दिसले, पण तेवढ्यावर औषधी गुण सिद्ध होत नाही. खालच्या सुराचा पोत कुणाला निवांत वाटत असेल, तर ती आवड. तिला पुराव्याची गरज नाही.

दोन्ही आकड्यांत अंतर ३२ सेंटचे, म्हणजे अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी. एकेकटे ऐकले तर बहुतेकांना कळत नाही. एकत्र वाजले की लगेच टोचते. ध्वनिमुद्रणातली अडचण नेमकी इथेच. सॉफ्टवेअरमधली आणि नमुन्यांवर चालणारी वाद्ये बहुधा ४४०वर भरलेली असतात; मिडी या डिजिटल वाद्यांच्या संकेतप्रणालीच्या क्रमांकात ६९वा स्वर म्हणजेच ४४०. संपूर्ण गाणे ४३२वर न्यायचे तर प्रत्येक वाद्याचे मूळ जुळवणीमूल्य बदलावे लागते. एक राहून गेले की गाणे बेसूर. गाण्याचा सूर सुधारणाऱ्या प्लगइनचे हे मूल्य ४४०च राहिले, तर ते गायिकेचा अचूक लागलेला सूरही ओढून चुकीच्या जागी बसवते. तयार मुद्रण उतरवायचे दोन मार्ग आहेत. वेग १.८ टक्के कमी करावा, तर तीन मिनिटांचे गाणे तीन सेकंदांनी लांबते आणि १२०ची लय ११८च्या किंचित खाली येते. किंवा लांबी तशीच ठेवून फक्त सूर उतरवावा. मग झांजेसारख्या तीव्र आवाजांची कड बोथट होते. ४३२ म्हणून ऐकवली जाणारी अनेक लोकप्रिय गाणी अशीच ४४०वरून उतरवलेली असतात.

हिंदुस्थानी संगीतात हा वाद मुळात उद्भवत नाही. इथे षड्ज गळा ठरवतो. ‘काळी एक, पण जरा वर’ असे सांगून तानपुरा लावला जातो, तबला हातोडीने त्यावर आणला जातो आणि कुणी आकडा विचारत नाही. पेटी आली की प्रश्न येतो. तिची काळी एक ४४०च्या हिशेबाने २७७ हर्ट्झची. ४३२ धरल्यास २७२. तानपुऱ्याचा मणी सरकवायला क्षण पुरतो, पण पेटीचा प्रत्येक सूर चढवायचा तर पत्तीचे टोक तासावे लागते आणि उतरवायचा तर बुडाकडचा भाग. त्यामुळे पेटीची साथ असली की तानपुरे तिच्याच पट्टीला लावले जातात.