गर्भाची घडण आणि प्रथिने

बाळंतपण म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हटले जाते. या उक्तीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा कटु अनुभव आहे. गर्भवती स्त्री फिकी पडू लागली, तिला धाप लागू लागली, पायांवर सूज आली, की घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या काळजात धस्स होई. ही अवस्था का ओढवते आणि ती टाळता येईल काय, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मुंबई शहरात शोधले गेले. ही गोष्ट मराठी माणसांपैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

गर्भाच्या पोषणाचा विचार करताना शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम प्रथिनांकडे जावे, हे स्वाभाविकच होते. १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने ‘प्रोटीन’ हा शब्द प्रचारात आणला. बर्झेलियसने सुचविलेल्या या ग्रीक नावातच ‘अग्रस्थानी असलेले’ असा भाव आहे. स्नायू, त्वचा, रक्तातील रंगद्रव्य, शरीरातील असंख्य क्रिया घडवून आणणारी विकरे, हे सारे प्रथिनांचेच प्रकार होत. मातेने खाल्लेली डाळ किंवा मासळी जशीच्या तशी गर्भाकडे जात नाही. तिच्यातील प्रथिने पचनात विघटित होऊन त्यांची अमिनो आम्ले बनतात. ही आम्ले वार मातेच्या रक्तातून उचलते आणि गर्भाच्या स्वाधीन करते. मातेच्या रक्तापेक्षा गर्भाच्या रक्तात त्यांचे प्रमाण अधिक असते. अर्थात वार ही नुसती चाळणी नव्हे. ती शक्ती खर्चून गर्भाला त्याचा वाटा मिळवून देते. पुढे गर्भ त्या विटांतून स्वतःची प्रथिने रचतो. गर्भाचे हिमोग्लोबिनही मातेच्या हिमोग्लोबिनाहून वेगळ्या घडणीचे असते. ते प्राणवायू अधिक ओढीने धरून ठेवते, म्हणूनच मातेच्या रक्तातून तो गर्भाला घेता येतो.

परंतु विटांचा ढीग पडला म्हणजे घर उभे राहिले असे होत नाही. हा धडा शास्त्राला ज्यांच्यामुळे मिळाला, त्या डॉ. ल्युसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. तेथे डॉ. मार्गारेट बाल्फर मातृमृत्यूंच्या कारणांची चौकशी करीत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत विल्सबाईंचे काम सुरू झाले. गर्भवती स्त्रियांना एक तीव्र रक्तक्षय जडत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत. हा विकार गरीब वस्तीत, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांत अधिक आढळे. प्रथम जंतूंचा संशय घेण्यात आला, पण तो टिकला नाही. तेव्हा विल्सबाईंनी या स्त्रिया काय खातात याकडे मोर्चा वळविला. त्यांचा आहार निकस असल्याचे स्पष्ट झाले. तरीही त्यातील नेमकी कोणती उणीव रोगाला कारण होते, हे ठरविणे सोपे नव्हते.

मुंबईच्या गरिबांच्या आहारासारखा आहार देऊन त्यांनी आधी उंदरांवर आणि नंतर माकडांवर प्रयोग केले. यकृताचा अर्क गुणकारी होता, पण तो महाग पडे. अखेर यीस्टपासून बनविलेला ‘मार्माइट’ नावाचा स्वस्त अर्क त्यांनी वापरून पाहिला. माकड बरे झाले आणि मग रुग्ण स्त्रियांतही त्याचा गुण झपाट्याने दिसून आला. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे असेही आढळले, की वेगळ्या जातीच्या रक्तक्षयावर चालणारा शुद्ध यकृतार्क या स्त्रियांना लागू पडत नाही; कच्च्या अर्कात असलेले काहीतरी शुद्धीकरणात निघून जाते. त्या अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

१९४१ साली अमेरिकेत सुमारे चार टन पालकापासून हे द्रव्य अल्पांशाने वेगळे काढण्यात आले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे ‘फॉलिक ॲसिड’ असे नामकरण झाले. १९४५ साली ते कृत्रिम रीतीने बनविणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेतील संशोधकांचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होते, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे.

या शोधाने प्रथिनांच्या प्रश्नावरही प्रकाश पडला. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. फॉलिक ॲसिडावाचून ते काम अडते. प्रथिने मात्र बनतच राहतात. त्यामुळे पेशी फुगत जाते, पण तिच्या दोन पेशी होत नाहीत. मुंबईच्या त्या स्त्रियांच्या रक्तपेशी मोठ्या आणि थोड्या का होत्या, याचे रहस्य हेच होय. सामान होते; पण कामाची आखणी खोळंबली होती.

नुसत्या प्रथिनांचा मारा केल्याने काय होते, हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील प्रयोगाने दाखविले. तेथील गरीब गर्भवतींपैकी काहींना भरपूर प्रथिने असलेले पूरक अन्न देण्यात आले. १९८० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. त्या गटात फार लवकर होणाऱ्या प्रसूती आणि त्यामुळे होणारे अर्भकमृत्यू अधिक दिसून आले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली कुपोषित समाजातील गर्भवतींसाठी समतोल अन्नाची शिफारस केली, परंतु अतिप्रथिनयुक्त पूरक अन्नाचा पुरस्कार केला नाही. डाळ, दूध, अंडी, मासळी ही हवीतच; पण त्यांच्या जोडीला पोटभर धान्य आणि पालेभाजीही हवी.

विल्सबाई १९६४ साली निवर्तल्या. १९९१ साली सात देशांतील चाचणीने सिद्ध केले, की असे अपत्य पूर्वी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंगांची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी टळते. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आसपास मिटते. तोपर्यंत अनेक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत याची जाणीवही झालेली नसते. म्हणजे बाळाची काळजी डोहाळ्यांपासून नव्हे, तर त्याआधीच सुरू व्हावयास हवी.

भारतात १९७० सालापासून गर्भवतींना लोह आणि फॉलिक ॲसिडाच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. या आकड्यामागे केवळ औषधांचा तुटवडा नाही. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून हेही त्याचे एक कारण आहे. परळच्या प्रयोगशाळेने रोगाचे मूळ गरिबाच्या ताटात दाखवून दिले. ते ताट भरण्याचे काम मात्र प्रयोगशाळेचे नव्हे. ते घराचे आणि समाजाचे आहे.