कुत्र्यामांजरांचा पाऊस

मंडळी, शाळेत 'ए रेनी डे' हा निबंध न लिहिलेला मराठी माणूस सापडणं कठीण. आणि त्यात 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' न घातलेला तर त्याहून कठीण! आमच्या मुरुमला (तालुका उमरगा) अर्धा मृग पावसाची वाट बघण्यात जातो, पण वहीत कुत्रीमांजरं धो धो पडतात.

१९९९ साली एक फॉरवर्ड मेल जगभर फिरला होता. इंग्लंडात गवती छपरांवर जनावरं झोपायची, पाऊस आला की घसरून खाली पडायची, म्हणून हा वाक्प्रचार. साफ थाप! पक्की व्युत्पत्ती अभ्यासकांनाही सापडलेली नाही. आमच्या धंद्यातल्या जुन्या कोडसारखं आहे हे: कुणी लिहिला ठाऊक नाही, पण चालतो, म्हणून हात लावायचा नाही.

१६५३ साली छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या नाटकात कुत्र्यांबरोबर मांजरं नाहीत, मुंगसासारखा दिसणारा पोलकॅट आहे. आजचं रूप जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या पुस्तकात भेटतं. गंमत पुढे आहे. ते पुस्तक म्हणजे बड्या लोकांच्या घिस्यापिट्या बोलण्याची टिंगल! म्हणजे आपण ज्याला निबंधाचा दागिना समजतो, तो स्विफ्टच्या काळीच गुळगुळीत झाला होता. गप्पांत, गोष्टीत खुशाल वापरा (शब्दांचा क्रम मात्र बदलू नका). अर्जात, अहवालात 'इट रेन्ड हेवीली' एवढं पुरे.

आमच्याकडे हा प्रश्न तसा उशिरा आला. १९४८ पर्यंत मुरूम निजामाच्या राज्यात, वरचं शिक्षण उर्दूतून. त्या पिढीला 'मूसलाधार बारिश' समजायला डिक्शनरी लागत नव्हती. मुसळ दोन्ही भाषांत तेच. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि कुत्रीमांजरं आणखी लहान वयात पडू लागली. असो.

पण पाऊस कागदावर नेमका लिहिणं ही नुसती मार्कांची बाब नाही. हवामान खात्याच्या लेखी २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'हेवी', २०४.४ पर्यंत 'व्हेरी हेवी', त्यापुढे 'एक्स्ट्रीमली हेवी'. आणि महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारदरबारी अतिवृष्टी. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यात शेतं पाण्याखाली गेली, तेव्हा पंचनाम्यांबरोबर हेच आकडे बघितले जात होते. सोयाबीन डोळ्यांसमोर कुजत असलं तरी मंडळाच्या पर्जन्यमापकात किती पडलं, हे आधी विचारलं जातं.